रग्बीतली शिस्त आपल्या फुटबॉल स्पर्धेत कशी आणायची

फुटबॉलमध्ये पेनल्टी दिली की पंचांभोवती सात-आठ जणांचं कोंडाळं होतं. हात वर, छाती पुढे, आणि दोरीपलीकडून शिव्या. रग्बीत धडक याहून मोठी असते आणि निर्णयही तितकेच वादाचे असतात. तरी शिट्टी वाजली की एकटा कर्णधार पुढे येतो, ‘सर’ म्हणून विचारतो आणि मागे फिरतो. सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात स्पर्धा भरवणाऱ्यांना टीव्हीवर हा फरक दिसतो. मग बहुतेक जण म्हणतात, रग्बीचे लोकच सुसंस्कृत, आपली पोरं टपोरी. हे निदान चुकीचं आहे, आणि त्यामुळे उपायही चुकतात. रग्बीतला मान नियमातून आणि मैदानाच्या व्यवस्थेतून तयार होतो. त्यातलं बरंच काही आपल्याकडे पुढच्या रविवारच्या सामन्यापासून आणता येईल.

आधी ती यंत्रणा समजून घ्या

रग्बीत पंचांनी पेनल्टी दिली आणि दोषी संघातला कोणी वाद घालू लागला, तर पंच काही न बोलता दहा मीटर पुढे चालत जातात आणि पेनल्टीची जागा तिथे करतात. हे दहा मीटर फार महागात पडतात. पन्नास मीटरवरून गोलखांबांमधून किक मारणं बहुतेकांना जमत नाही, चाळीसवरून जमतं, आणि त्या किकचे तीन गुण असतात. किक थेट रेषेबाहेर मारली तरी चेंडू आत टाकण्याचा हक्क त्याच संघाकडे राहतो, म्हणजे आणखी जमीन हातात. एकाच्या तोंडाची किंमत पंधरा जण त्याच मिनिटाला मोजतात. म्हणून त्याला गप्प करायला पंच लागत नाहीत, शेजारचा खेळाडूच त्याची जर्सी धरून मागे ओढतो. पिवळं कार्ड मिळालं तर खेळाडू दहा मिनिटं बाहेर बसतो आणि संघ चौदा जणांनिशी झुंजतो. सात जणांच्या रग्बीत ही शिक्षा दोन मिनिटांची असते, आणि तिथे अख्खा सामनाच चौदा मिनिटांचा असल्यामुळे तीही बोचते.

फुटबॉलचं पिवळं कार्ड त्या खेळाडूच्या नावावर उधारी म्हणून लिहिलं जातं. संघाचं त्या क्षणी काहीच बिघडत नाही, उलट पंचांवर दबाव आल्याचं समाधान मिळतं. सगळा फरक इथे आहे.

मग फुटबॉलमध्येही दहा पावलं पुढे का जाऊ नये? तो प्रयोग होऊन गेला आहे. २००० च्या सुमारास फ्री किक पुढे नेण्याचा नियम आजमावला गेला आणि २००५ मध्ये सोडून दिला. फुटबॉलमध्ये जवळ जाणं नेहमी फायद्याचं नसतं. बावीस-तेवीस मीटरवरून भिंतीवरून चेंडू वळवून खाली आणता येतो, तेराव्या मीटरवरून तो भिंतीवरून काढला की गोलच्या आडव्या दांड्यावरून जातो. म्हणून रग्बीचा नियम जसाच्या तसा उचलू नका. त्यातलं तत्त्व घ्या: वाद घातला की पूर्ण संघाला, तिथल्या तिथे भुर्दंड.

त्यासाठी फुटबॉलच्या नियमातच सोय आहे. तरुण गटाच्या आणि तळागाळातल्या सामन्यांसाठी, संघटनेच्या परवानगीने, तात्पुरतं बाहेर बसवण्याची पद्धत वापरता येते. इंग्लंडमध्ये स्थानिक पातळीवर २०१९-२० च्या हंगामापासून ती चालू आहे. बाहेर बसण्याची वेळ एकूण खेळाच्या दहा ते पंधरा टक्के धरतात. आपल्याकडे बहुतेक सामने पस्तीस-पस्तीस मिनिटांचे असतात, म्हणजे सात मिनिटं. तीस-तीसचा सामना असेल तर सहा.

राबवताना गडबड कुठे होते ते नीट पाहा. ही शिक्षा फक्त पंचांशी हुज्जत घालण्यासाठी ठेवा. पाय मारणं, ढकलणं यांना नेहमीचीच कार्डं राहू द्या, नाहीतर कुठल्या पिवळ्याला बाहेर जायचं आणि कुठल्याला नाही यावरच भांडण सुरू होतं. वेळ मोजायला पंचांवर सोडू नका. टेबलावर एक माणूस वेगळं घड्याळ घेऊन बसवा. खेळ पुन्हा सुरू झाला की घड्याळ चालू करायचं, कार्ड दाखवल्यापासून नव्हे. वेळ संपली तरी पंचांनी हात केल्याशिवाय आत यायचं नाही. गोलरक्षक बाहेर गेला तर मैदानातल्याच दुसऱ्याने हातमोजे घालायचे. त्याच खेळाडूने दुसऱ्यांदा तेच केलं तर त्याचा सामना संपला. आणि सर्वांत मोठी चूक: पंच पहिल्या अर्ध्यात सगळं ऐकून घेतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकाला बाहेर काढतात. तेव्हा तो निर्णय पक्षपातीच वाटणार. पहिल्या दहा मिनिटांत पहिला आवाज चढला की तिथेच बाहेर बसवा. पुढचा तास शांत जातो.

कर्णधारांची बैठक

सामन्याच्या अर्धा तास आधी दोन्ही कर्णधार, दोन्ही प्रशिक्षक आणि पंच एकत्र उभे करा. पाच मिनिटं पुरतात. पंचांनी स्वतःचं नाव सांगून हात मिळवायचा आणि एवढंच सांगायचं: माझ्याशी फक्त कर्णधार बोलेल, बाकीचे चार-पाच पावलं लांब राहतील, मी मोठ्या निर्णयाचं कारण एकदा सांगेन, दुसऱ्यांदा सांगणार नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेत फुटबॉलनेही हीच पद्धत घेतली, त्यामुळे ‘हे आमच्या खेळात नसतं’ असं आता कोणी म्हणू शकत नाही. कर्णधार गोलरक्षक असेल तर नाणेफेकीआधी मैदानातला दुसरा एक खेळाडू बोलण्यासाठी नेमून घ्या, नाहीतर दर वेळी गोलरक्षक साठ मीटर पळत येईल आणि तोवर तिथे कोंडाळं झालेलं असेल.

कर्णधाराला विचारायचं कसं हेही शिकवावं लागतं. ‘ओ सर, काय बघताय काय?’ हा प्रश्न नाही, आरोप आहे. ‘सर, पाचव्या नंबरचा हँडबॉल कशामुळे दिला?’ याला उत्तर देता येतं. प्रशिक्षकांनी सरावाच्या सामन्यात मुद्दाम चुकीचे निर्णय द्यावेत आणि कर्णधाराकडून हा प्रश्न वदवून घ्यावा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला वळण लागतं. वेल्सचे रग्बी पंच नायजेल ओवेन्स यांनी २०१२ मध्ये मन्स्टर आणि त्रेविझो या रग्बी संघांच्या सामन्यात हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला कर्णधारासमोर बोलावलं आणि इथला पंच मी आहे, हे सॉकर नाही, असं सुनावलं. फुटबॉलवाल्यांना ते झोंबलं. पण त्यात पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि खेळाडूला एकट्याला न बोलावता कर्णधाराला साक्षीला ठेवलं. आपल्या पंचांनी एवढं तरी उचलावंच.

पंच निवडताना दोन्ही संघांच्या गल्लीतला, तालमीतला किंवा नात्यातला नको. मानधनाचं पाकीट सामना सुरू होण्यापूर्वी द्या. सामन्यानंतर पंच पैशासाठी ताटकळत मांडवाबाहेर उभे राहतात आणि हरलेल्या संघाची पोरं तिथेच घोळक्याने असतात, यातून नको ते प्रसंग घडतात. पंचांची गाडी मागच्या दाराशी लावून घ्या.

दोरी, फक्की आणि हलगी

प्रेक्षकांचं वागणं बरंचसं दोरी कुठे बांधली यावर ठरतं. फक्कीच्या रेषेला चिकटून माणसं उभी राहिली की थ्रो घेणाऱ्या खेळाडूच्या पाठीवर हात पडतो, टोपी ओढली जाते, आणि पुढचं सांगायला नको. फुटबॉलसाठी रेषेपासून किमान दोन मीटरवर दोरी हवी. जिथे लाइनमन पळतात तिथे तीन मीटर. लाइनमन कडेची अर्धीच रेषा सांभाळतात, दोघे समोरासमोरच्या बाजूंना आणि विरुद्ध अर्ध्यांत. म्हणजे प्रत्येक बाजूचा एक अर्धा भाग मोकळा असतो. मोठी गर्दी तिथे बसवा. हे साधं गणित न केल्यामुळे ऑफसाइडचं निशाण वर गेलं की लाइनमनच्या कानाशी शंभर माणसं ओरडत असतात.

रग्बी भरवणार असाल तर कडेचे पंच पूर्ण लांबीत पळतात आणि पकडीत दोघे-तिघे जण रेषेबाहेर घरंगळत जातात, त्यामुळे सगळीकडे पाच मीटर मोकळे ठेवा. गोलखांबांना जाड फोमची गादी गुंडाळा. दोन्ही खेळांत दोरीसाठी लोखंडी गज ठोकू नका. बांबू वापरा, वरचं टोक गोणपाटाने बांधा, आणि दोरीला दर दोन हातांवर रंगीत चिंधी लावा. पळत्या खेळाडूला सुतळी दिसत नाही.

आवाजाचं काय? ढोल, हलगी, घोषणा यांवर बंदी घालू नका. फुटबॉलचा जीव त्यात आहे, आणि गप्प बसवलेला प्रेक्षक पुढच्या वेळी येत नाही. जागा ठरवून द्या: गोलच्या मागे, रेषेपासून दहा मीटर लांब. गेटवर मात्र पिपाण्या आणि शिट्ट्या काढून घ्या. गर्दीतली शिट्टी ऐकून बचावपटू थांबतो, गोल होतो, आणि मग पंचांना दोष लागतो.

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या थॉमंड पार्कवर पाहुण्या संघाचा खेळाडू किक घ्यायला उभा राहिला तरी मैदान चिडीचूप होतं. रग्बीतल्या मानाचं हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे हे अशक्य वाटतं, पण कुस्तीच्या फडात हलगीवाला काय करतो ते आठवा. पैलवान फिरत असतात तेव्हा संथ ठेका, पकड बसली की चढता, आणि निवेदकाने हात केला की एकदम बंद. फड त्याच्या काठीवर चालतो. तेच इथे वापरा. सामन्याआधी हलगीवाल्याला बोलावून एक खूण ठरवा: पंचांनी पेनल्टीसाठी चेंडू ठेवला आणि हात वर केला की हलगी बंद, दोन्ही संघांसाठी. हलगी थांबली की तिच्यामागची चाळीस-पन्नास पोरं आपोआप थांबतात, आणि त्या शांततेत बाकीचं मैदान हुर्यो करायला कचरतं. एका अंतिम सामन्यात हे जमलं तरी मैदानाला सवय लागते.

आता माइकबद्दल, कारण स्थानिक स्पर्धेत अर्धी भांडणं माइकवरून पेटतात. समालोचक उत्साहाच्या भरात म्हणतो, ‘अरे, हा फाउल कसा काय?’ आणि तीच ओळ पाचशे लोकांना पुरते. समालोचकाला पंचांच्या निर्णयावर मत द्यायला सक्त मनाई करा. त्याउलट रग्बीतला माइक फार उपयोगी आहे: तिथे पंचांच्या अंगावर माइक असतो आणि ते काय बोलले, कशासाठी शिट्टी वाजवली, हे पाहणाऱ्याला ऐकू येतं. कारण कळलं की राग अर्धा होतो. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात पंचांनी व्हिडिओ तपासणीनंतरचे निर्णय माइकवरून मैदानाला सांगितले, ते याच विचाराने. आपल्याकडे पंचांना माइक लावायची गरज नाही. पंचांनी टेबलाकडे खुणेने नंबर आणि कारण दाखवायचं, आणि निवेदकाने कोरड्या शब्दांत सांगायचं: ‘लाल जर्सी, सात नंबर. मागून पाय. पिवळं कार्ड.’ बस. विशेषणं नकोत.

समर्थक एकत्र बसवायचे की वेगळे?

रग्बीत दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच रांगेत बसतात, हातात बिअरचा ग्लास असतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलला समर्थक वेगळे बसवतात, आणि मोठ्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यावर १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. हे पाहून कोणी ‘आपणही सगळे मिसळून बसवू’ म्हणेल, तर थांबा. मिसळून बसणं हे चांगल्या संबंधांचं फळ आहे, त्याने संबंध तयार होत नाहीत. दोन गल्ल्यांचं जुनं वैर असलेल्या सामन्यात सुरुवातीला दोन टोकं दोन संघांना द्या, मधली बाजू कुटुंबं, महिला आणि तटस्थांना ठेवा. गट सामन्यांत गडबड झाली नाही तर उपांत्य फेरीपासून दोर सैल करा. नशेत असलेल्याला कुठल्याही सामन्याला आत घेऊ नका. दर शंभर माणसांमागे एक स्वयंसेवक धरा, एकाच रंगाच्या बंडीत, आणि त्याने खेळाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघायचं. खेळ बघणारा स्वयंसेवक काही उपयोगाचा नाही.

दारांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. १९८० मध्ये १६ ऑगस्टला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात गॅलरीतल्या हाणामारीनंतर चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले. पण १९८९ ची इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरची चेंगराचेंगरी वेगळी होती. ९७ माणसं गेली, दोष कित्येक वर्षं समर्थकांवर ढकलला गेला, आणि २०१६ मध्ये चौकशीच्या निकालात स्पष्ट झालं की गर्दी हाताळण्यात पोलिसांची गंभीर चूक होती, समर्थकांची नव्हती. इंडोनेशियात २०२२ मध्ये कंजुरुहान मैदानावर अश्रुधुरानंतर लोक दारांकडे धावले आणि अरुंद, बंद दारांशी चेंगरले. १३५ जण गेले. फुटबॉलचे प्रेक्षक वाईट, असं म्हणून मोकळं होण्याआधी हे लक्षात ठेवा. सामना सुरू असताना एकाही दाराला कुलूप नको. प्रत्येक दाराशी एक माणूस, आणि दारासमोर एकही दुचाकी नाही. सांगलीचं छत्रपती शिवाजी स्टेडियम असो, साताऱ्याचं छत्रपती शाहू स्टेडियम असो किंवा शाळेचं पटांगण, सामन्याआधी सगळी दारं स्वतः उघडून बघा. १०८ ची रुग्णवाहिका आत येऊन वळेल एवढी वाट मोकळी ठेवा, आणि पोलीस ठाण्याला अर्ज देताना सामन्याची संपण्याची वेळही लिहा.

संपल्यावर हरलेल्या संघाचे समर्थक आधी सोडा, दहा मिनिटांनी जिंकलेल्यांचे. गुलाल आणि मिरवणूक दुसऱ्या दाराने. फटाके आत नाहीत, बाहेरही हरलेल्यांच्या वाटेवर नाहीत.

सामन्यानंतरची वीस मिनिटं

रग्बीत सामना संपला की एक संघ दोन रांगा करून उभा राहतो आणि दुसरा टाळ्यांमधून त्यातून बाहेर जातो. मग उलट. त्यानंतर दोन्ही संघ एकत्र खातात-पितात, त्याला ते तिसरा अर्धा म्हणतात. हे आणायला सर्वांत सोपं आणि आपल्या मातीला जवळचं आहे. कुस्तीत चितपट झालेल्याला उठवून मिठी मारतातच. पण वेळ साधा. शेवटच्या शिट्टीनंतर दोन मिनिटांत रांगा लागल्या पाहिजेत, उशीर झाला की जिंकलेले समर्थकांकडे पळतात आणि हरलेले बूट काढून निघून जातात. रांगा लावण्याची जबाबदारी पंचांवर नको, दोन्ही कर्णधारांवर ठेवा आणि सामन्याआधीच्या बैठकीतच सांगा.

एकाच मांडवात दोन्ही संघ आणि पंच यांना चहा आणि भडंग द्या. पन्नास माणसांना अडीच-तीन किलो भडंग आणि वर कांदा-कोथिंबीर पुरते. साताऱ्यात शेवटी एकेक कंदी पेढा. बक्षीस समारंभ त्यानंतर ठेवा, आधी नको, म्हणजे हरलेला संघ थांबतो. प्रत्येक कर्णधाराने समोरच्या संघातल्या एका खेळाडूचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलायची. ‘तुमचा अकरा नंबर आम्हाला आज पकडता आला नाही’ एवढं माइकवरून ऐकलं की त्या गल्लीतली पोरं कशी बघतात ते पाहाच.

शिस्तीला गुण द्या, आणि ते टिकले पाहिजेत. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात गटात जपान आणि सेनेगल सगळ्या निकषांवर बरोबरीत होते. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा, म्हणून जपान पुढे गेला. पिवळ्याला एक वजा, दोन पिवळ्यांनी लाल झालं तर तीन, थेट लालला चार, हा हिशोब तुमच्या नियमपत्रात छापा. त्यात आपली एक भर घाला: समर्थकांनी मैदानात दगड, बाटली टाकली किंवा दोरी ओलांडली तर प्रत्येक वेळी तीन वजा. मग संघच आपल्या समर्थकांना आवरतो, जसा रग्बीचा खेळाडू साथीदाराची जर्सी ओढतो.

तरीही बिघडलं तर

क्रम आधीच ठरवून ठेवा आणि तो मोडू नका. पहिल्यांदा पंच खेळ थांबवतात, निवेदक एकच वाक्य वाचतो: ‘मैदानात वस्तू टाकल्यामुळे खेळ थांबवला आहे, पुन्हा झालं तर संघ आत जातील.’ दुसऱ्यांदा दोन्ही संघ दहा मिनिटं मांडवात. तिसऱ्यांदा सामना रद्द, निकाल समिती देईल. ‘अंतिम सामना आहे, पाहुणे बसलेत’ म्हणून तिसरी पायरी टाळली, की पहिल्या दोन पायऱ्यांनाही पुढच्या वर्षी कोणी भीक घालत नाही. मारामारी सुरूच झाली तर स्वयंसेवकांनी आत उडी घेऊ नये. पंचांना मधोमध घेऊन मांडवात न्यायचं आणि ११२ ला फोन लावायचा.

रग्बीला देवघरात बसवू नका. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीचे संचालक रॅसी इरास्मस यांनी एका पंचांच्या चुका दाखवणारा तासाभराचा व्हिडिओ केला आणि त्यांच्यावर बंदी आली. २०२३ च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर पंच वेन बार्न्स आणि व्हिडिओ पंच टॉम फोली यांना इंटरनेटवर धमक्या आल्या. मैदानावर ‘सर’ म्हणणारे रात्री मोबाइलवर शिव्या देतात, असा हा काळ आहे. इकडे आपल्या कुस्तीतही २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. म्हणून मोबाइलसाठीही नियम लिहा: निर्णयाविरुद्ध तक्रार फक्त कर्णधाराने, सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, लेखी आणि ठरलेलं शुल्क भरून. संघाच्या अधिकृत ग्रुपवर पंचांचा फोटो किंवा क्लिप शिवीगाळीसकट फिरली, तर तेच तीन गुण वजा. हे कलम नियमपत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात टाकू नका. प्रवेशअर्जावर, कर्णधाराच्या सहीच्या वर छापा.